नवी संगणक प्रणाली आणि जुने प्रोग्रॅम : काम न थांबता बदल कसा घडवावा?

कार्यालयीन कामकाजात संगणकाला आता कोणी नवलाईची वस्तू मानीत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला, दूध उत्पादक संस्थेची दर दहा दिवसांची बिले, पतसंस्थेची पासबुके, शाळेतील गुणपत्रिका आणि छापखान्यातील लग्नपत्रिका ही सारी कामे संगणकावर होऊ लागल्याला बराच काळ लोटला आहे. ही कामे ज्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने केली जातात, त्यांपैकी कित्येक दहा-पंधरा वर्षांपूर्वी तयार करून घेतलेले असतात. ते तयार करणारा तंत्रज्ञ आज गावात नसतो, मूळ सीडी सापडत नाही. परंतु प्रोग्रॅम मात्र रोज सकाळी बिनतक्रार सुरू होतो आणि संस्थेचा सारा व्यवहार त्यावरच चालतो.

अशा संगणकाची मूळ प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, बदलण्याची वेळ आली की मनात धास्ती निर्माण होणे स्वाभाविक आहे. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालावयाची, असा विचार करून हा बदल वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. २९ जुलै २०१५ रोजी प्रसृत झालेल्या विंडोज १० या प्रणालीची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि हा प्रश्न लहानमोठ्या असंख्य संस्थांपुढे एकाच वेळी उभा राहिला. प्रणाली बदलणे हे एक कळ दाबून उरकण्याचे काम नव्हे. ते ठरवून, पायरीपायरीने आणि परतीची वाट मोकळी ठेवून पार पाडावयाचे स्थित्यंतर आहे. योग्य ती पूर्वतयारी असेल तर जुने काम न थांबता नवी प्रणाली स्वीकारता येते. ही पूर्वतयारी कोणती, याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

बदल टाळता का येत नाही?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावरील प्रोग्रॅम यांच्यामधील व्यवस्थापक होय. कोणत्या प्रोग्रॅमला किती स्मृती द्यावयाची, फाइल कोठे ठेवावयाची, प्रिंटरकडे मजकूर कसा पाठवावयाचा हे सर्व तीच ठरविते. लाखो ओळींच्या या प्रणालीत काही उणिवा राहून जातात व त्या कालांतराने उघडकीस येतात. या उणिवा बुजविण्यासाठी उत्पादक वेळोवेळी दुरुस्त्या पाठवितो. प्रणालीची मुदत संपते म्हणजे संगणक बंद पडतो असे नाही. या नियमित दुरुस्त्या येणे मात्र थांबते. नवी उणीव सापडली तर ती तशीच उघडी राहते.

याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे २०१७ साली दिसून आले. विंडोजमधील एका उणिवेवरील दुरुस्ती त्या वर्षीच्या मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांच्या संगणकांवर १२ मे रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमचा हल्ला झाला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेला रुग्णांच्या हजारो भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २७ जून रोजी, 'नॉटपेट्या' हा दुसरा हल्ला झाला. त्यातही याच उणिवेचा उपयोग करण्यात आला होता. या हल्ल्याची झळ महाराष्ट्रालाही बसली. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज त्यामुळे विस्कळित झाले. दोन महिने अगोदर हाती असलेली दुरुस्ती न बसविण्याची किंमत किती मोठी असते, हे या घटनांनी दाखवून दिले.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी उत्पादकाने वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना जाहीर केली. वैयक्तिक वापरासाठी या योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठरविण्यात आली, तर संस्थांसाठी शुल्क भरून अधिकाधिक तीन वर्षांची सोय ठेवण्यात आली. ही सवलत तयारीला वेळ मिळावा म्हणून आहे. प्रश्न मिटला असा तिचा अर्थ नव्हे.

प्रोग्रॅम बंद का पडतात?

नव्या प्रणालीवर जुना प्रोग्रॅम चालेनासा होतो, तेव्हा त्यामागे बहुधा ठरावीक कारणे असतात. ती समजली म्हणजे धोका कोठे आहे हे अगोदरच ओळखता येते.

पहिले कारण म्हणजे प्रोग्रॅमची घडण. जुन्या काळातील डॉसवरील प्रोग्रॅम सोळा बिटांचे असत. त्यानंतरचे बत्तीस बिटांचे व आजचे चौसष्ट बिटांचे आहेत. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर बत्तीस बिटांचे प्रोग्रॅम सामान्यतः चालतात. परंतु सोळा बिटांचे मुळीच चालत नाहीत. विंडोज १० बत्तीस बिटांच्या स्वरूपातही मिळत असे आणि त्यात सोळा बिटांच्या प्रोग्रॅमची सोय सुरू करता येत असे. विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांमध्येच उपलब्ध आहे. एकेकाळी वेतनपत्रके, सभासदांची खाती व साठ्याच्या नोंदी यांसाठी डॉसवरील फॉक्सप्रो या प्रणालीत अनेक प्रोग्रॅम लिहिले गेले. त्यांपैकी जे आजही वापरात असतील, ते नव्या प्रणालीवर सरळ मार्गाने चालणार नाहीत, हे आधीच गृहीत धरावे.

दुसरे कारण ड्रायव्हरचे. प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे उपकरण किंवा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन यांची भाषा संगणकाला समजावून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. बत्तीस बिटांच्या प्रणालीचा ड्रायव्हर चौसष्ट बिटांच्या प्रणालीला चालत नाही. त्यामुळे पासबुक छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर धडधाकट असूनही मुका होऊन बसतो. काही प्रोग्रॅम चालण्यासाठी संगणकाला एक लहानशी कुलूपवजा खुंटी लावावी लागते. या खुंटीलाही स्वतःचा ड्रायव्हर असतो, याचा पुष्कळदा विसर पडतो.

तिसरे कारण अधिकारांचे आहे. पूर्वी कोणताही प्रोग्रॅम संगणकाच्या कोणत्याही भागात मोकळेपणाने लिहू शकत असे. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने या मोकळिकीला लगाम घातला. प्रोग्रॅमच्या मूळ फोल्डरमध्ये नोंदी लिहिणारे जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून त्या नोंदी परस्पर वापरकर्त्याच्या खात्यातील 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या वेगळ्या जागी वळविण्याची योजना प्रणालीत करण्यात आली. प्रोग्रॅम त्यामुळे चालला. पण खरी माहिती नेमकी कोठे साठत आहे, हे वापरणाऱ्याला कळेनासे झाले. बॅकअप घेताना याचे महत्त्व पुढे दिसेल.

चौथे कारण आधार काढून घेतला जाण्याचे. एखादा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमवर विसंबून असतो आणि तो दुसराच नाहीसा होतो. इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर १५ जून २०२२ रोजी सेवेतून काढण्यात आला आणि विंडोज ११ मध्ये तो मिळतच नाही. त्यावर अवलंबून असलेल्या जुन्या संकेतस्थळांसाठी 'एज' या ब्राउझरमध्ये एक विशेष सोय ठेवलेली आहे. मात्र ती मुद्दाम सुरू करावी लागते. असे केवळ विंडोजच्याच बाबतीत घडते असे नाही. अ‍ॅपल कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये आणलेल्या 'कॅटालिना' प्रणालीत बत्तीस बिटांच्या प्रोग्रॅमना पूर्णतः फाटा दिला. सूचना न वाचता बदल करणाऱ्यांचे जुने प्रोग्रॅम त्या दिवसापासून उघडेनासे झाले.

मराठी मजकुराची विशेष काळजी

महाराष्ट्रातील कार्यालये, छापखाने व वृत्तपत्रे यांच्यापुढे आणखी एक प्रश्न असतो. तो म्हणजे जुन्या मराठी मजकुराचा. पुणे येथे १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांसाठी विकसित केलेले तंत्र, तसेच श्री-लिपी यांसारखी पुण्यातच तयार झालेली उत्पादने यांमुळे मराठी लेखन संगणकावर सुलभ झाले. त्या काळी निरनिराळ्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविण्याची पद्धत होती. उदाहरणार्थ, कृतिदेव या फॉन्टमध्ये रोमन लहान 'डी'च्या जागी 'क' असतो. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठविला जातो तो 'डी'. डोळ्यांना 'क' दिसतो तो केवळ फॉन्टमुळे. फॉन्ट नाहीसा झाला की संपूर्ण मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक रांग बनतो.

नवी प्रणाली जुन्यावरच बसविली तर फॉन्ट सहसा टिकून राहतात. परंतु डिस्क पुसून ती नव्याने बसविली तर ते जातात. म्हणून वापरातील सर्व फॉन्टच्या फाइली अगोदरच वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात. मराठी टंकलेखनासाठी वापरला जाणारा कळफलकाचा जुना प्रोग्रॅम नव्या प्रणालीवर चालेलच असे नाही. त्याची नवी आवृत्ती आहे किंवा नाही, याची विचारणा आधी करावी.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे तेथे ही अडचण उद्भवत नाही. तथापि, तेथेही एक बारकावा आहे. युनिकोड मजकुरासाठी वर्षानुवर्षे वापरला गेलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोज १० पासून पूरक फॉन्टच्या गटात टाकण्यात आला. मराठी किंवा हिंदी भाषा संगणकात जोडल्यानंतरच तो उतरविला जातो. तो नसेल तर मजकूर वाचता येतो; पण दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसू लागल्याने ओळी सरकतात, तक्ते बिघडतात आणि छापील नमुन्यावर बसविलेले दाखले जागा सोडतात. जुन्या फॉन्टमधील महत्त्वाचे दस्तऐवज या निमित्ताने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हिताचे ठरेल. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व अंक यांची प्रत्यक्ष तपासणी मात्र माणसानेच केली पाहिजे.

प्रथम यादी

कोणत्याही स्थित्यंतराचा आरंभ यादीने व्हावा. संगणकावर कोणते प्रोग्रॅम आहेत एवढेच लिहून भागत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याची आवृत्ती, तो कोणाकडून घेतला, परवान्याचा क्रमांक कोठे आहे, त्याची माहिती कोणत्या फोल्डरमध्ये साठते, त्याला कोणते उपकरण लागते आणि तो बंद पडला तर कोणते काम थांबेल, हे नोंदवावे. वर्षातून एकदाच लागणारे प्रोग्रॅम बहुधा यादीतून सुटतात. लाभांश वाटपाचा किंवा वार्षिक विवरणपत्राचा प्रोग्रॅम ऐन वेळी आठवून उपयोग नसतो.

यादी पूर्ण झाल्यावर प्रत्येक प्रोग्रॅमच्या पुरवठादाराकडे एकच प्रश्न विचारावा : नव्या प्रणालीवर ही आवृत्ती चालते काय? उत्तर लेखी घ्यावे. जेथे पुरवठादार उरलेलाच नाही, त्या प्रोग्रॅमवर लाल खूण करावी. पुढील सर्व चाचणीत अशा प्रोग्रॅमना अग्रक्रम द्यावयाचा आहे.

यंत्राचीही तपासणी करावी. विंडोज ११ साठी चौसष्ट बिटांचा मान्यताप्राप्त प्रोसेसर, किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, 'सिक्युअर बूट'ची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आवश्यक आहे. उत्पादकाचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम ही तपासणी करून देतो. सेटिंग्जमधील 'सिस्टिम' व त्याखालील 'अबाउट' येथे सध्याची प्रणाली बत्तीस बिटांची आहे की चौसष्ट, हेही दिसते. ती बत्तीस बिटांची असेल तर नवी प्रणाली तिच्यावर बसविता येत नाही. सर्व काही नव्याने बसवावे लागते आणि प्रत्येक प्रोग्रॅमही पुन्हा घालावा लागतो. ही गोष्ट कामाच्या दिवशी कळण्यापेक्षा महिनाभर आधी कळणे केव्हाही चांगले.

काही जाणकार यंत्राची अट चुकवून नवी प्रणाली बसवून देतात. अशा संगणकांना पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी उत्पादक देत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी बदल करावयाचा, तीच अशा मार्गाने अनिश्चित होत असल्याने संस्थांनी तो स्वीकारू नये.

बॅकअप आणि त्याची परीक्षा

बॅकअप म्हणजे माहितीची दुसरी प्रत. ती त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवणे म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवण्यासारखे आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक वेगळ्या इमारतीत असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. प्रणाली बदलण्यापूर्वी दोन प्रकारचे बॅकअप घ्यावेत. एक, प्रत्येक प्रोग्रॅमच्या माहितीचा. दुसरा, संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा. दुसऱ्या प्रकारामुळे संगणक आदल्या दिवशी होता तसा पुन्हा उभा करता येतो.

माहितीची प्रत घेताना फाइलींच्या तारखा पाहाव्यात. रोज नोंदी होत असूनही प्रोग्रॅमच्या फोल्डरमधील फाइलची तारीख कित्येक वर्षांपूर्वीची दिसत असेल, तर खरी माहिती वर उल्लेखिलेल्या 'व्हर्च्युअल स्टोअर'सारख्या अन्य जागी साठत असण्याची शक्यता असते. केवळ मूळ फोल्डर उतरवून घेतल्यास बॅकअप पूर्ण झाल्याचे समाधान मिळेल, पण माहिती मिळणार नाही. म्हणूनच बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा आणि कालची शेवटची नोंद तेथे दिसते काय, याची खात्री करावी. उघडून न पाहिलेला बॅकअप नसल्यासारखाच समजावा.

डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल तर तिची अठ्ठेचाळीस अंकी परतावा-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. यंत्राच्या मूळ मांडणीत फेरफार झाल्यानंतर संगणक ती मागू शकतो आणि ती नसेल तर संपूर्ण माहितीला मुकावे लागते.

एका संगणकावर चाचणी

संस्थेत दहा संगणक असले तरी पहिल्या दिवशी बदल एकाच संगणकावर करावा. सर्वांवर एकाच वेळी बदल केल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमची एक सदोष सुधारणा जगभर एकदम पाठविली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती सुधारणा आधी थोड्याच संगणकांवर गेली असती तर नुकसान तेवढ्यापुरते मर्यादित राहिले असते.

चाचणीसाठी निवडलेला संगणक कामाच्या दृष्टीने इतरांसारखाच असावा. मात्र तो बंद पडल्यास लोकांची खोळंबा-खोळंब होऊ नये. बसविण्यापूर्वी प्रणालीच्या मांडणी-प्रोग्रॅमला केवळ सुसंगतता तपासण्याचा आदेश देता येतो. त्यात काहीही न बदलता अडथळ्यांची माहिती मिळते. माहितीतील जाणकाराकडून ही तपासणी आवर्जून करून घ्यावी.

प्रोग्रॅम उघडला म्हणजे तो चालला, असे मानू नये. चाचणी संपूर्ण कामाची व्हावी. पतसंस्थेच्या बाबतीत खाते उघडणे, भरणा व उचल नोंदविणे, पासबुक छापणे, दिवसअखेर मेळ घेणे, महिन्याचा तेरीजपत्रक अहवाल काढणे, बॅकअप घेणे व तो परत चढविणे एवढे सर्व करून पाहावे. मराठी टंकलेखन, जुने पत्र उघडून छापणे, डिजिटल स्वाक्षरी आणि आधार प्रमाणीकरणाचे उपकरण यांचीही परीक्षा घ्यावी. ही परीक्षा तंत्रज्ञाने नव्हे, तर रोज त्या खुर्चीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याने घ्यावी. कारण नेहमीच्या कामातील खाचाखोचा त्यालाच ठाऊक असतात. त्याचे प्रशासकीय अधिकार नसलेले नेहमीचे खाते वापरूनच ही चाचणी करावी. तंत्रज्ञाच्या खात्यातून चालणारा प्रोग्रॅम कर्मचाऱ्याच्या खात्यातून अडतो, असा अनुभव नवीन नाही.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस

दिवस निवडताना कामाचे वेळापत्रक पाहावे. मार्चअखेर, लेखापरीक्षण, प्रवेशप्रक्रिया किंवा निवडणुकीचे दिवस कटाक्षाने टाळावेत. सुट्टीला लागून येणारा दिवस सोयीचा ठरतो. वीज खंडित होण्याचा संभव असेल तर यूपीएस पूर्ण भारित असल्याची खात्री करावी. अर्ध्यावर थांबलेले काम संगणकाला पुढेही नेत नाही आणि मागेही येऊ देत नाही.

नवी प्रणाली उत्पादकाच्या अधिकृत मार्गानेच घ्यावी. 'नॉटपेट्या'चा प्रसार युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या सुधारणेतूनच सुरू झाला होता, हे विसरता येत नाही. अनोळखी व्यक्तीने पेनड्राइव्हवर आणून दिलेली प्रणाली स्वस्त वाटली तरी ती स्वीकारू नये.

बसविताना एक प्रश्न निर्णायक असतो. वैयक्तिक फाइली व प्रोग्रॅम दोन्ही ठेवावयाचे, केवळ फाइली ठेवावयाच्या, की काहीच ठेवावयाचे नाही, असे तीन पर्याय पडद्यावर येतात. पहिलाच पर्याय निवडावा. तो निवडण्याची सोय दिसत नसेल तर पुढे न जाता थांबावे. नव्या प्रणालीची भाषा किंवा आवृत्तीचा प्रकार जुन्याशी जुळत नसल्याची ती खूण असू शकते. अमेरिकन इंग्रजीची प्रणाली असलेल्या संगणकावर ब्रिटिश इंग्रजीची प्रत बसवू पाहिल्यासही हे घडते. योग्य प्रत मिळवून पुन्हा आरंभ करावा.

परतीची वाट

बदलानंतर काही बिघडल्याचे आढळले तर मागे येता येते. मात्र त्याला मुदत असते. सेटिंग्जमधील 'सिस्टिम' व त्याखालील 'रिकव्हरी' येथे 'गो बॅक' हा पर्याय दहा दिवसांपर्यंत उपलब्ध असतो. जाणकार व्यक्ती ही मुदत संपण्यापूर्वी विशिष्ट आज्ञा देऊन ती साठ दिवसांपर्यंत वाढवू शकते. जुनी प्रणाली या काळात 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली असते. जागा मोकळी करण्याच्या उत्साहात हा फोल्डर पुसला गेला तर परतीची वाट बंद होते. महिन्यातून एकदाच होणारे काम या मुदतीत येत नसेल, तर ते मुद्दाम करून पाहावे किंवा मुदत वाढवून घ्यावी.

मागे येण्यापूर्वी मधल्या दिवसांतील नोंदींचा स्वतंत्र बॅकअप घ्यावा. या काळात एखाद्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसविली असेल आणि तिने माहितीचे स्वरूप बदलले असेल, तर ती माहिती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून प्रणाली आणि प्रोग्रॅम या दोहोंत एकाच दिवशी बदल करू नये. शक्य असल्यास नव्या प्रणालीला चालणारी प्रोग्रॅमची आवृत्ती आधी जुन्या प्रणालीवरच बसवून काही दिवस वापरावी. पुढे अडचण आलीच, तर ती कोणत्या बदलामुळे आली हे त्यामुळे ओळखता येते.

घाईही अनुचित असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची एक मोठी सुधारणा प्रसृत झाल्यानंतर काही वापरकर्त्यांच्या फाइलीच पुसल्या गेल्याच्या तक्रारी आल्या. उत्पादकाने ती काही दिवसांतच मागे घेतली आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिली. नवी आवृत्ती आल्याबरोबर पहिल्याच आठवड्यात ती बसविण्याची संस्थांना आवश्यकता नसते. मोठी सुधारणा थोडी थांबून व दरमहा येणारी सुरक्षा दुरुस्ती मात्र विनाविलंब, हे धोरण व्यवहार्य आहे. एखाद्या संगणकाला उत्पादकाकडूनच मोठी सुधारणा दिली जात नसेल, तर ज्ञात दोषामुळे ती रोखून धरलेली असू शकते. ही अडवणूक नसून संरक्षण आहे. ती जबरीने ओलांडू नये.

जुना प्रोग्रॅम चालेनाच तर?

सर्व प्रयत्न करूनही एखादा प्रोग्रॅम चालत नाही, असे होऊ शकते. प्रथम त्याच्या चिन्हावरील 'प्रॉपर्टीज'मधून 'कॉम्पॅटिबिलिटी' या भागात जाऊन जुन्या विंडोजची पद्धत निवडून पाहावी. बत्तीस बिटांचे अनेक प्रोग्रॅम एवढ्यानेच मार्गी लागतात. तेही न साधल्यास संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक तयार करून त्यावर जुनी प्रणाली व जुना प्रोग्रॅम चालविता येतो. डॉसवरील प्रोग्रॅमसाठीही अशी साधने उपलब्ध आहेत. आभासी संगणकाला इंटरनेटची जोडणी देऊ नये.

जुना संगणक तसाच ठेवणे हाही एक तात्पुरता उपाय आहे. पण तो सर्व जाळ्यांपासून तोडलेला असावा आणि त्यावर बाहेरचा पेनड्राइव्ह चालविला जाऊ नये. केवळ पत्रव्यवहार व इंटरनेट यांसाठी लागणाऱ्या, परंतु नव्या विंडोजला अपुऱ्या पडणाऱ्या यंत्रांवर लिनक्स प्रणाली बसविता येते. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली त्याच प्रकारातील होय. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम मात्र तिच्यावर सरळ चालत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

हे सर्व उपाय वेळ मिळवून देणारे आहेत. खरा उपाय म्हणजे प्रोग्रॅममधील माहिती सुटी करून नव्या प्रोग्रॅममध्ये नेणे हाच होय. फॉक्सप्रोच्या माहितीच्या फाइली आजही अनेक साधनांनी वाचता येतात. जुना प्रोग्रॅम चालू आहे तोपर्यंतच हे काम सोपे असते. कारण नव्या ठिकाणी आलेली बेरीज जुन्याशी ताडून पाहता येते. तो कायमचा बंद पडल्यावर ताळा घेण्याचे साधनच उरत नाही.

माहिती लोकांची

संगणक चार-सहा वर्षांत जुना होतो, प्रणाली दहा वर्षांत मुदतबाह्य होते आणि प्रोग्रॅमही कधीतरी निकामी ठरतो. परंतु सभासदाची ठेव, शेतकऱ्याच्या दुधाचा हिशेब, जन्माची नोंद व विद्यार्थ्याचे गुण यांना अशी मुदत नसते. त्या नोंदी लोकांच्या आहेत आणि संस्था केवळ त्यांची राखणदार आहे. प्रणाली बदलताना जपावयाचे ते प्रामुख्याने या नोंदींनाच.

या दृष्टीने पाहिले म्हणजे बदलाला घाबरून थांबणे आणि विचार न करता पुढे धावणे, हे दोन्ही मार्ग सारखेच धोक्याचे असल्याचे स्पष्ट होते. यादी, पारखून घेतलेला बॅकअप, एका संगणकावर पूर्ण कामाची चाचणी आणि मुदतीच्या आत खुली असलेली परतीची वाट, या चार गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. लागते ती शिस्त. प्रत्येक संस्थेने आपल्या संगणकांची व प्रोग्रॅमची नोंदवही आजच तयार करावयास घेतली, तर पुढील स्थित्यंतराच्या वेळी लोकांना खिडकीवरून 'संगणक बंद आहे' असे ऐकून माघारी जावे लागणार नाही.